बारवेतला देव आणि उलटा पाणबुड्या

जालना जिल्ह्यात मी पाणबुड्याचा धंदा केला असं सांगितलं, की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग आभाळाकडे बघतात आणि मग हसतात. हसू द्या. मीही आयुष्यभर हसतच आलोय. जिथे उन्हाळ्यात टँकरमागे अख्खी गल्ली घागरी घेऊन धावते, तिथे पाण्याखाली उतरायचं दुकान थाटणारा माणूस एक तर वेडा असणार, नाही तर एकटा. मी दोन्ही होतो. पण कामाला खंड पडला नाही. पाणी कमी म्हणून आपल्या विहिरी खोल, आणि खोल म्हणून आत पडलेलं कुणाला काढता येत नाही. पडायचं म्हणाल तर रोज काही ना काही पडतंच: पाणमोटारी, पाइप, तांब्याच्या घागरी, एकदा तर रुसलेल्या सुनेने सासूच्या नाकासमोर भिरकावलेल्या पाटल्या.

संपादक म्हणाले, "खोल पाण्यातलं काहीतरी थरारक लिहा." लोकांना वाटतं थरार खोल जाण्यात आहे. अहो, खोल जायला काय लागतं? कमरेला शिशाचे तुकडे बांधले की दगडही जातो. खरी गंमत मागे येण्यात आहे. न वळता, हात न हलवता, तोंड जिकडे आहे तिकडेच ठेवून पाण्यात मागे मागे सरकत येणं. ती मजा शब्दांत सांगायची म्हणजे कठीण, पण आज सोडत नाही तुम्हाला.

ही विद्या मी मुंबईच्या गोदीत शिकलो. जहाजाच्या पोटाखाली शेवाळ खरवडायचं काम होतं. तिथले उस्ताद भल्याभल्यांना एकच वाक्य ऐकवायचे, "आगे तो मुर्दा भी जाता है, बेटा. पीछे आके दिखा." मग पालथं पडून दाखवायचं. पायात फिन्स असतात, म्हणजे रबरी पंखे. पाय मागे लांब सोडायचे. घोटे वळवून पंजे बाहेर फाकवायचे, आणि टाचा हळूच कमरेकडे ओढून घ्यायच्या. पंखे पाण्याला पुढे ढकलतात आणि तुम्ही मागे सरकता. मग पाय गुपचूप मिटून पुन्हा लांब करायचे, पाण्याला पत्ता लागू न देता. मी सुट्टीत घरी आलो की जुन्या जालन्यात आमच्या माडीवर, बाजेवर पालथा पडून ह्याची तालीम करायचो. आईने एकदा वैदूला बोलावलं होतं, पोराला वाताचे झटके येतात म्हणून.

ह्याचा उपयोग काय, असं विचाराल. आपल्या विहिरींच्या तळाला गाळ असतो, पिठासारखा मऊ. खाली पोचलेला माणूस वळायला गेला की पंख्याचा एक फटका बसतो, गाळ उठतो आणि पुढचं काही दिसत नाही. मागे सरणारा मात्र गाळाला झोपेतून न उठवता निघून येतो. शिवाय अरुंद जागेत वळताच येत नाही. गोदावरीकाठी, शहागडच्या पुढे, मी एका शेतकऱ्याच्या पाइपाची जाळी साफ करत होतो. तेवढ्यात लाइट आली, आणि लाइट आल्याच्या आनंदात मालकाने बटण दाबलं. जाळी मला आत ओढायला लागली. वळलो असतो तर पाठ चिकटली असती. टाचांनी दोन-तीन वेळा पाणी ओढलं आणि मागच्या मागे सुटलो. वर येऊन मालकाला ज्या शिव्या दिल्या त्या मात्र सगळ्या पुढून दिल्या.

आणि धान्याच्या आडतीतले ते म्हातारे शेठ! वाड्यातल्या आडात वाकून खालच्या गड्यावर ओरडताना त्यांची कवळी पाण्यात गेली. आड इतका अरुंद की मी डोकं खाली करून, उलटा टांगल्यासारखा उतरलो. तळाशी कवळी माझ्याकडे बघून हसत होती. मलाही हसू फुटलं आणि चष्म्यात पाणी शिरलं. तसाच, पाय वर आणि डोकं खाली, मागे मागे सरकत वर आलो. शेठनी कवळी एकदा विसळली, तोंडात बसवली आणि गड्याला दिलेली अर्धी राहिलेली शिवी पूर्ण केली.

पण ज्या कामासाठी देवाने मला हे उलटं पोहणं शिकवलं असावं, ते काम वेगळंच होतं.

त्या साली पेरणीपुरता पडून पाऊस गेला, फार उशिरा परत आला, आणि आला तो जाईना. दुकानात मी आणि हबीब बसलो होतो. हबीब माझा दोस्त, वेल्डिंगवाला. जीप त्याची, सिलिंडरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर त्याचा, आणि मी पाण्यात असताना वर दोरी धरून बसणारा हातही त्याचाच. दारात एक बाई येऊन उभी राहिली, चिंब भिजलेली. शहागडहून जांब समर्थकडे जाताना आत एक गाव आहे, तिथल्या महादेवाची ती गुरवीण. नाव गोदाबाई.

"भाऊ, देव काढायचाय," ती म्हणाली.

"पडला काय, बाई?" हबीबने विचारलं.

"पडला न्हाई. आमीच घातला."

मग तिने सगळं सांगितलं. त्यांच्या गावाची रीत अशी, की पाऊस ओढ द्यायला लागला की महादेवाचा पितळी मुखवटा दुरडीत ठेवायचा, अंबाडीचा कोरा दोर बांधायचा आणि दुरडी बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, पाण्याखाली सोडायची. पाण्यात देवाला कोंडल्यासारखं झालं की तो पाऊस सोडतो. पाऊस आला की वाजतगाजत त्याला बाहेर काढायचं. ह्यावेळी पाऊस इतका लांबला की दोर पाण्यातच कुजला. मग एकदम आभाळ फाटलं, बारव भरली, आणि गावाने दोर ओढला तर हातात नुसतं टोक आलं.

"आता देव पान्यात हाय म्हनून पाऊस पडून राह्यलाय," गोदाबाई म्हणाली. "मुगाला झाडावरच मोड आले. कपाशी पिवळी पडली. समदे म्हनतेत, दोर हिनं बांधला, हिचीच चूक."

तिचा नवरा वारला होता आणि पूजेची पाळी तिच्याकडे आली होती. ती पाळी धाकट्या दिराला, रंगनाथला, हवी होती. सोमवारी गाव निवाड्याला बसणार होतं. तोवर देव वर आला नाही तर पाळी रंगनाथला.

"पाळी गेली की देवळातली खोली गेली," ती म्हणाली. "लगीन होऊन आले ती त्याच खोलीत. मंग मी कुटं जाऊ, भाऊ?"

मी म्हटलं, "काढू की. त्यात काय?"

"थांबा. एक गोष्ट हाय." तिने पदर पिळला. "दोघं पोहणारे उतरल्ते. एकाला दुरडी हाताला लागली. पन तो वळला आन् देवाकडं पाय करून लाथ मारून वर आला. दुरडी सरकली ती झऱ्याच्या कपारीत गेली. देवाला पाठ दाखवली तर देव हाती येईल का? गाभाऱ्यातून निघताना आमी कसं मागं मागं सरतो, तसं यायला पायजे. तुमाला जमंल?"

हबीबने माझ्याकडे पाहिलं. मी हबीबकडे पाहिलं. आणि मग आम्ही दोघं असे हसत सुटलो की बाई घाबरून दाराबाहेर सरकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी स्वतःहून मागे येणारा माणूस मागत आलं होतं! मी तिला हाताला धरून आत बसवलं, आणि बाकावर पालथा पडून पाय करून दाखवले. तिने ते फार गंभीरपणे पाहिलं.

"टाचा अजून जवळ घ्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गावात पोचलो तर अर्धं गाव पोत्याच्या खोळी डोक्यावर घेऊन बारवेभोवती उभं. माझे काळे पंखे बघून बायका तोंडाला पदर लावत होत्या. हबीबने सगळ्यांना सांगितलं, "भाई उलटा चलता है, भूत समजू नका," आणि त्यामुळे ज्यांच्या मनात भूत आलं नव्हतं त्यांच्याही मनात आलं.

उतरायच्या आधी गोदाबाई देवळात दिवा लावायला गेली. मीही मागून गेलो. मुखवटा नसला तरी पिंड होती. दिवा लावून ती निघाली, पिंडीकडे तोंड करून मागे मागे. आणि मागे तर ही गर्दी! कुणी सरकेना. उंबऱ्यापाशी तिची टाच थबकली, क्षणभर चाचपली आणि उंबरा ओलांडून बाहेर आली. तिथे रंगनाथ खांबासारखा उभा. ती त्याच्यावर आदळली आणि तो तिच्यावरच खेकसला. मी मात्र दोन पावलं बाजूला झालो होतो, आणि ते तिने पाहिलं. धंद्याची सवय. मागे येणाऱ्याला मागचं दिसत नाही, तेव्हा त्याची मागची वाट मोकळी ठेवायची, हा आमचा पहिला नियम.

तोच नियम मी बारवेवर ओरडून सांगितला, "पाण्यात गळ, दोर, आकडे जे काही सोडलंय ते सगळं बाहेर काढा. मी आत असेपर्यंत काही टाकायचं नाही!"

"न्हाई टाकत," गाव म्हणालं.

मी पाण्यात उतरताना गोदाबाई पायरीवर खाली वाकली. "भाऊ, उंबरा डोळ्याला दिसत नसतो. टाचेला कळतो. घाई नका करू."

वरचं पाणी गढूळ, चहासारखं. खाली अंधार. बॅटरी हातभर उजेड देत होती. भिंत चाचपत तळाशी आलो आणि कपार सापडली, दगडी ओठासारखी, आत निमुळती. आतून झऱ्याचं थंड, स्वच्छ पाणी येत होतं. डोकं घातलं, खांदे घातले, पाठीवरचं सिलिंडर छताला घासत कसाबसा शिरलो. श्वास हळूहळू सोडत होतो, कारण बुडबुडे छताला लागले की वरून माती झरते. आणि पुढे उजेडात मुखवटा! दुरडी कुजून गेली होती. देव गाळात टेकून बसला होता, मोठे मोठे डोळे आणि पितळी मिशा, असा टवटवीत की जणू मीच उशीर केला. मी पाण्याखाली मोठ्याने हसलो. कसं ते विचारू नका, तोंडात नळी असते, पण हसलो.

बॅटरी मनगटाला अडकवली आणि दोन्ही हातांनी मुखवटा उचलला, त्याचं तोंड माझ्याकडे. आता हात मोकळे नव्हते. वळायला जागा नव्हती. गोदाबाईची अट मोडायची म्हटली तरी मोडता आली नसती. उरले फक्त पाय. पाय लांब, पंजे बाहेर, टाचा जवळ. सरकलो. पुन्हा. सरकलो. देव आणि मी, समोरासमोर, निघालो.

आणि पाय अडकला.

कशात तरी, दोरच असावा, पंखा गुंतला. ओढला तर आणखी आवळला. तेवढ्यात छतावरून मातीचा लोंढा आला आणि देवाचे डोळेही दिसेनासे झाले. सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटली. हसू-बिसू सगळं गेलं. हवा होती, पण भीतीला हवा पुरत नाही. हातातलं सोडावं, भिंतीला रेटा द्यावा, असं मनात आलं. मग ती बाई आठवली, तिची खोली आठवली. घाई नका करू.

मागे येणाऱ्याला अडकल्यावर थोडं पुढे जावं लागतं, तेव्हा दोर सैल पडतो. मी आत, पुढे सरकलो. पाय सैल सोडला, हलकेच झटकला. सुटला. पुन्हा मागे. डोळे मिटूनच घेतले, नाही तरी दिसत काय होतं? आणि डाव्या टाचेला दगडाचा ओठ लागला. उंबरा! टाचेने त्याला विचारलं, उजवीने खात्री केली, आणि दोघं बाहेर पडलो.

वर आलो तर काय गलका! हलगी, शिट्ट्या, कुणी हर हर महादेव म्हणतंय. मी नळी काढली आणि आधी ओरडलो, "दोर कुणी सोडला?"

एक आजोबा पुढे आले. त्यांनी दोराला नारळ आणि बुडायला दगड बांधून सोडला होता. "तुमाला मदत म्हनून," ते म्हणाले. त्या चेहऱ्यावर कोण रागावणार?

मुखवटा गोदाबाईच्या हातात दिला. ती रडत होती, पण पावसात कुणाला कळलं नाही. मला कळलं. तेवढ्यात रंगनाथ पुढे आला.

"देव आला, बराबर. पन ह्यानं खाली पाठ दाखवली न्हाई कशावरून? कोनी पाह्यलं?"

गावात एक थोरले पाटील होते, त्यांचा शब्द चाले. त्यांनी दाढी खाजवली. "बोलतोय ते खोटं न्हाई," ते म्हणाले.

खाली साक्षीदार एकच होता आणि तो पितळेचा होता. गोदाबाई माझ्याकडे बघायला लागली. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी म्हटलं, "देवाला त्या पायरीवर बसवा. आणि बघा."

मुखवटा पायरीवर ठेवला. मी पाण्यावर पालथा पडलो, तोंड देवाकडे, आणि निघालो. बारवेच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, हात छातीशी जोडलेले, मागे, मागे, मागे. पाण्यावर पावसाच्या टपोऱ्या थेंबांशिवाय काही हलत नव्हतं. पलीकडच्या भिंतीला टाच लागली तेव्हा गाव असं ओरडलं की बारवेतली कबुतरं उडाली. "पुन्ना! पुन्ना!" मी पुन्हा गेलो. आणखी एकदा गेलो. नको तेवढ्या वेळा गेलो. हबीब वरून ओरडत होता, "अरे बस कर, हवा का खर्चा मेरा है!"

मग देवाला वर न्यायचं. रीत अशी की मुखवटा पाटलांच्या हातात, आणि दिवा घेतलेला पुजारी पुढे, देवाकडे तोंड करून उलटा चालणार. रंगनाथने झडप घालून दिवा घेतला. पहिल्या पायरीला बरा गेला. दुसरी शेवाळलेली होती. तिथे तो घसरून असा बसला की दिवा विझला आणि धोतराच्या सोग्यात गुंतलेल्या हबीबलाही खाली ओढलं.

"गोदे, तू धर," पाटील म्हणाले.

हबीबने धोतरातून सुटून तिच्या डोक्यावर छत्री धरली. दिवा पुन्हा लागला. गोदाबाई देवाकडे बघत एकेक पायरी मागे चढली. टाच प्रत्येक दगडाला विचारून पुढची पायरी घेत होती. वरची पायरी फुटलेली आहे हे मला दिसत होतं, तिला दिसत नव्हतं, आणि मी ओरडणार तोच तिची टाच तिथे थांबली, बाजूला झाली आणि चढली. दिव्याची ज्योत हलली नाही. वर पोचल्यावर पाटलांनी मागे वळून रंगनाथकडे पाहिलं.

"पाळी हिचीच," ते म्हणाले. "सोमवारी बसायची गरज न्हाई."

पाऊस त्या दिवशी थांबला असं मी सांगितलं तर तुम्हाला आवडेल. नाही थांबला. संध्याकाळी निघताना मी पाटलांना आभाळ दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "देव अजून ओला हाय. सुकू द्या." देव सुकायला पुढचा आठवडा उजाडला. मूग गेलाच, कपाशी बरीचशी वाचली. मुगाचं मला अजून वाईट वाटतं. ती बाई माझ्याकडे आधी आली असती तर, असं वाटतं. आणि मग वाटतं, पाणबुड्या असून मी पावसाचा हिशेब करायला लागलो की काय!

आता गुडघे गेले. पंखे खुंटीला टांगलेत. नवीन पोरं कॅमेरे सोडतात, दोरीवरून सगळं दिसतं. चांगलंच आहे. पण कॅमेऱ्याला टाच नसते, एवढं मला कुणापाशी तरी बोलायचं होतं.

परवा बऱ्याच वर्षांनी त्या गावाला गेलो. न कळवता. गोदाबाई आता पार म्हातारी झालीय, डोळ्यांत मोतीबिंदू. पाळी तिचीच आहे. मी देवळात शिरलो तेव्हा ती पाठमोरी होती, दिवा लावत होती. गर्दी नेहमीसारखी उंबऱ्याला चिकटलेली. मी काही बोललो नाही. लोकांना हाताने जरा बाजूला केलं आणि स्वतः भिंतीशी उभा राहिलो. ती मागे मागे आली. टाचेने उंबरा विचारला, ओलांडला, आणखी दोन पावलं आली आणि थांबली.

"कोन, भाऊ आले का?" वळून न बघता ती म्हणाली.

मी चाटच पडलो. "कसं ओळखलंत, बाई?"

"मागं जागा हाय," ती म्हणाली. "दुसरं कोन सोडतं?"